शेवटचा आयपीएल आणि पुढचा आयपीएल: झेड/ओएसच्या बूट सेटिंग्ज कुठे पाहायच्या

विचारलंय ते थोडक्यात असं (झेड/ओएस ही आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम, आयपीएल म्हणजे ती बूट करणं): "ऐरोलीत एका सर्व्हिस कंपनीत आहे. सहा वर्षं कोबोल-जेसीएल केलं, आता सिस्टीम्स टीममध्ये आलोय. ऑडिटरने झेड/ओएसच्या बूट सेटिंग्जचा पुरावा मागितलाय. सीनियर म्हणाला, 'डी आयपीएलइन्फो' मार आणि स्क्रीनशॉट दे. तसं केलं, पण त्यातल्या अर्ध्या ओळी कळल्या नाहीत. शिवाय येत्या रविवारी पहाटे आमचा आयपीएल आहे. त्याआधी नक्की काय तपासून ठेवू?"

सीनियरने चुकीचं काही सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. ऑडिटरला हवंय ते सिस्टीम आज काय वाचून उभी आहे हे. तुम्हाला रविवारी लागणार ते वेगळं: पुढच्या वेळी ती काय वाचणार आहे. 'डी आयपीएलइन्फो' फक्त पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं उत्तर देणारी एकच एक कमांड झेड/ओएसवर नाही, ते चार ठिकाणांहून गोळा करावं लागतं. बावीस वर्षं हेच करतेय. आयपीएलच्या रात्री जे घोटाळे पाहिले, त्यांतले बरेचसे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे झालेले.

(कमांड स्क्रीनवर रोमन अक्षरांतच टाकायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय. आणि आयपीएल म्हणजे इनिशियल प्रोग्रॅम लोड. क्रिकेटवाली २००८ साली आली, आमचा १९६४च्या सिस्टीम/३६०पासूनचा आहे. तरी "आज रात्री आयपीएल आहे, उशीर होईल" म्हटलं की सासूबाई अजून "कोण कोण खेळतंय?" असंच विचारतात.)

आधी तुमच्या स्क्रीनशॉटबद्दल. एसडीएसएफमध्ये (लॉग आणि जॉब पाहायच्या पॅनेलमध्ये) असाल तर कमांडच्या आधी तिरकी रेघ द्या. नकार आला तर रॅकफच्या (सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या) ऑपरकमांड्स क्लासमध्ये तुम्हाला डिस्प्लेची परवानगी नाही, ती सिक्युरिटीवाल्यांकडून रीतसर मागून घ्या. दुसऱ्याच्या आयडीवरून काढलेला पुरावा ऑडिटरला देऊ नका. उत्तर साधारण असं येतं:

आयईई२५४आय आयपीएलइन्फो डिस्प्ले
सिस्टीम आयपीएल्ड ॲट ०३.१२.४१ ऑन ०६/०८/२०२५
रिलीज झेड/ओएस ०२.०५.०० लायसन्स = झेड/ओएस
यूज्ड लोडपी१ इन सिस१.आयपीएलपार्म ऑन ००ए८२
आर्कलेव्हल = २ एमटीएलशेअर = एन
आयईएसिम लिस्ट = (००,पी१)
आयईएसिस लिस्ट = (००,पी१) (ओपी)
आयओडीएफ डिव्हाइस: ओरिजिनल(००ए८२) करंट(००ए८२)
आयपीएल डिव्हाइस: ओरिजिनल(००ए८०) करंट(००ए८०) व्हॉल्यूम(झेडरेसए१)

तारीख अमेरिकी पद्धतीची आहे, महिना आधी. म्हणजे वरचा आयपीएल ८ जूनचा, ६ ऑगस्टचा नव्हे. हसू नका, याच एका गोष्टीवरून मी ऑडिटरशी पाऊण तास वाद घातलाय. त्यांच्या चेंज रेकॉर्डमध्ये ऑगस्टचा बदल सापडेना, म्हणून "विनापरवानगी आयपीएल" असा शेरा लिहून तयार होता. वेळही सिस्टीमच्या स्थानिक घड्याळाची असते. क्लायंट परदेशी असेल तर ती त्याची वेळ धरा, आपली नव्हे.

रिलीज, आर्कलेव्हल, एमटीएलशेअर यांत सध्या अडकू नका. खरी माहिती बाकीच्या पाच ओळींत आहे, आणि ती समजायला आयपीएल घेताना हार्डवेअरला काय सांगितलं जातं ते माहीत हवं. सांगितल्या जातात दोनच गोष्टी. एक लोड ॲड्रेस, म्हणजे ज्या व्हॉल्यूमवरून (डिस्कवरून) सिस्टीम उठायची त्या सिसरेसचा डिव्हाइस नंबर. दुसरी लोडपार्म, आठ अक्षरांची. वरच्या उदाहरणात ती '०ए८२पी१ए१' असेल. पहिली चार अक्षरं म्हणजे आयओडीएफ (हार्डवेअरच्या जोडण्यांची फाइल) ज्या व्हॉल्यूमवर आहे त्याचा डिव्हाइस नंबर. पुढची दोन म्हणजे कुठला लोड मेंबर (लायब्ररीतली एक फाइल) वाचायचा, इथे लोडपी१. सातवं अक्षर सुरुवातीला किती मेसेज दाखवायचे आणि ऑपरेटरला काही विचारायचं का हे ठरवतं. तिथे 'एम' असेल तर मेसेज दिसतात पण प्रश्न येत नाहीत. 'ए' असेल तर मेसेजही दिसतात आणि मास्टर कॅटलॉग, सिस्टीम पॅरामीटर सगळं विचारलंही जातं. आठवं अक्षर न्यूक्लियसचं (सिस्टीमच्या गाभ्याचं), ते सहसा १.

लोड मेंबर शोधण्याचाही एक क्रम आहे. त्या आयओडीएफ व्हॉल्यूमवर सिस०.आयपीएलपार्मपासून सिस९.आयपीएलपार्मपर्यंत ओळीने पाहिलं जातं, त्यातलं काहीच नसेल तर सिस१.पार्मलिब (पॅरामीटर मेंबरांची लायब्ररी). आधी जो सापडेल तो डेटासेट धरला जातो. त्यात हवा तो मेंबर नसेल तर "बघू या, पुढच्यात असेल" असला प्रकार नाही, मशीन वेट स्टेटमध्ये जाऊन बसतं. म्हणून कोणी "टेस्टिंगसाठी" त्या व्हॉल्यूमवर सिस०.आयपीएलपार्म बनवून विसरून गेलं, तर तुमचा जपून ठेवलेला सिस१.आयपीएलपार्म वाचलाच जाणार नाही. रविवारच्या आधी त्या व्हॉल्यूमवरच्या डेटासेटची यादी आयएसपीएफच्या ३.४ मधून एकदा डोळ्यांखालून घाला.

आता 'आयईएसिस लिस्ट' आणि तिच्यामागचा '(ओपी)'. आयईएसिस हे मेंबर म्हणजे सिस्टीमची मुख्य पॅरामीटर-पत्रिका: कुठली घड्याळ सेटिंग, कुठला प्रोग मेंबर, कुठले पेज डेटासेट, जास्तीत जास्त किती ॲड्रेस स्पेस, सगळं तिथून ठरतं. आयईएसिस०० नेहमी आधी वाचला जातो, मग लोड मेंबरच्या सिसपार्म ओळीत दिलेले बाकीचे. दोन्हींत एकच पॅरामीटर असेल तर नंतरचा जिंकतो. पेज डेटासेटची पद्धत जरा वेगळी आहे, पण ते इथे नको. '(ओपी)' दिसला की समजायचं, आयपीएलच्या वेळी आयईए१०१ए हा प्रश्न कन्सोलवर आला आणि ऑपरेटरने हाताने काहीतरी उत्तर दिलं. म्हणजे आजची सिस्टीम नुसत्या मेंबरवर उभी नाही, कोणाच्या तरी टायपिंगवरही उभी आहे. ते उत्तर काय होतं हे या डिस्प्लेत नाही, त्यासाठी सिसलॉगमध्ये त्या रात्रीपर्यंत मागे जावं लागेल. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये '(ओपी)' असेल आणि ऑडिटर हुशार असेल, तर त्याचा पुढचा प्रश्न हाच असणार. आधीच शोधून ठेवा.

शेवटच्या दोन ओळींत 'ओरिजिनल' आणि 'करंट' सारखे असले तर उत्तम. वेगळे असले तर मधल्या काळात हायपरस्वॅप होऊन डिस्क दुसऱ्या संचावर गेल्या आहेत. पाच आकड्यांतला पहिला आकडा सबचॅनल सेटचा. स्वॅपनंतर बहुधा तोच बदललेला दिसतो. मग रविवारी कुठल्या संचावरून उठायचं हे स्टोरेजवाल्यांना शनिवारीच विचारा, पहाटे तीन वाजता नव्हे.

एखादंच पॅरामीटर हवं असेल तर 'डी आयपीएलइन्फो,मॅक्सयूजर' (मॅक्सयूजर म्हणजे ॲड्रेस स्पेसची मर्यादा) असं नाव देऊन विचारता येतं. आयईई२५५आय हा मेसेज एका ओळीत उत्तर देतो. लक्षात एवढंच ठेवा की आयपीएलच्या वेळी जी किंमत घेतली ती तो सांगतो, नंतर कोणी चालू सिस्टीमवर काही बदललं असेल तर ते तिथे दिसणार नाही.

या कमांडची मला आठवण राहिली ती एका स्वल्पविरामामुळे. आयईएसिस मेंबर म्हणजे ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. ज्या ओळीच्या शेवटी तो नाही, तिथे मेंबर संपला असं सिस्टीम धरते आणि खालचं सगळं सोडून देते. एरर नाही, वॉर्निंग नाही. आमच्यातल्या एका मुलाने मॅक्सयूजर वाढवायला मेंबरच्या तळाशी नवी ओळ घातली: ६००. वरच्या, म्हणजे आधीच्या शेवटच्या, ओळीला अर्थातच स्वल्पविराम नव्हता. दोघांनी रिव्ह्यू केला, दोघांनी ६०० वाचलं, दोघांनी सही केली. आयपीएल सुरळीत झाला. तीन महिन्यांनी महिनाअखेरीला नवे ॲड्रेस स्पेस उघडेनात तेव्हा कमांड मारली, तर ४००. आयईएसिस००मधला जुनाच आकडा. मेंबर उघडून ती ओळ मी स्वतः चार वेळा वाचली असेन. आकडा बरोबर, स्पेलिंग बरोबर. पाचव्यांदा नजर वरच्या ओळीच्या टोकाला गेली.

तेव्हापासून नवी ओळ मी तळाशी घालत नाही, मधे घालते. आणि महत्त्वाच्या बदलानंतरच्या पहिल्या आयपीएलला सिसपार्ममध्ये 'एल' जोडते, म्हणजे (००,पी१,एल). मग सिस्टीम आयईएसिस मेंबरमधून वाचलेलं सगळं कन्सोलवर छापत जाते. कटकट वाटते, पण काय वाचलं आणि कुठे थांबली ते कळतं.

लोड मेंबरची खोड वेगळी, तो कॉलमवर चालतो. कीवर्ड पहिल्या कॉलमपासून, माहिती दहाव्या कॉलमपासून. एक जागा इकडेतिकडे झाली तरी अर्थ बदलतो. तो उघडला की आधी 'कोल्स' ही लाइन कमांड देऊन वर पट्टी आणा आणि मगच वाचा. एचडब्ल्यूनेम आणि एलपारनेम या ओळी म्हणजे गाळण्या. एकाच मेंबरवर चार एलपार (एकाच मशीनचे स्वतंत्र भाग, प्रत्येकावर वेगळी सिस्टीम) चालवायचे असतील तर 'इथून पुढचं फक्त या एलपारसाठी' असं त्या सांगतात. घोळ असा होतो की सगळ्यांसाठी म्हणून कोणीतरी सिसपार्मची ओळ सर्वांत खाली चिकटवतो, आणि ती पडते शेवटच्या एलपारच्या गाळणीखाली. तो एक एलपार बदलतो, बाकीचे तिघे जुन्यावरच राहतात. सामाईक ओळी पहिल्या गाळणीच्या वर लिहायच्या.

इथपर्यंत काय वाचलं गेलं ते झालं. आता वाचल्यानंतर काय बदललं ते.

मेनफ्रेम महिनोन्‌महिने उठत नाही-बसत नाही. त्या काळात चालू सिस्टीमवर शंभर गोष्टी बदलतात: सेटप्रोगने एपीएफ यादीत (विशेष अधिकार असलेल्या लायब्ररींच्या यादीत) लायब्ररी घातली, सेटलोडने पार्मलिबची रांग बदलली, पेजॲडने पेज डेटासेट जोडला, ॲक्टिव्हेटने नवा आयओडीएफ चालू केला. हे सगळं मेमरीत. मेंबरमध्ये कोणी लिहिलं नसेल तर पुढच्या आयपीएलला सहसा गायब. ऑफिसात आम्ही याला 'पाटीवरचं लिखाण' म्हणतो, आयपीएल म्हणजे ओलं फडकं. म्हणून रविवारच्या आधी मेमरी आणि मेंबर शेजारी शेजारी लावून पाहायचे. 'डी पार्मलिब' आजची रांग सांगते, ती लोड मेंबरच्या पार्मलिब ओळींशी ताडा. त्याच कमांडला 'एरर्स' जोडलं तर जे मेंबर मागितले गेले पण सापडले नाहीत त्यांची यादी मिळते. ती रिकामी असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण त्यातला प्रत्येक मेंबर का नाही हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. 'डी सिम्बॉल्स' सिस्टीम सिम्बॉल (मेंबरमध्ये प्रत्यक्ष किमतीऐवजी लिहिलेली नावं) दाखवते, ते आयईएसिम मेंबरशी ताडा. झेड/ओएस २.१पासून सेटलोडने सिम्बॉलही चालू सिस्टीमवर बदलता येतात, तेव्हा तिथेही हीच भानगड. 'डी प्रोग,एपीएफ' प्रोग मेंबरशी, 'डी एएसएम' पेजच्या ओळीशी, आणि 'डी आयओएस,कॉन्फिग'मध्ये दिसणारं आयओडीएफचं नाव लोड मेंबरच्या आयओडीएफ ओळीशी. तिथे नंबराऐवजी दोन तारका दिसल्या तर गोंधळू नका. हार्डवेअरच्या एचएसएमध्ये (राखीव मेमरीत) ज्या आयओडीएफची नोंद आहे तोच घे, असा त्याचा अर्थ.

एपीएफच्या यादीचा वेगळा इशारा देते, कारण ती लांब असते आणि शे-दोनशे ओळी डोळ्यांनी ताडणारा माणूस पंचविसाव्या ओळीला जांभई देतो. दोन्ही याद्या फाइलमध्ये घ्या, सॉर्ट करा, सुपरसीला (फाइली ताडणाऱ्या टूलला) द्या. दहा मिनिटांचं काम.

आता तिसरी गोष्ट. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार, कारण ही झेड/ओएसच्या आतून धड दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमची टीम अंधेरीला सीप्झमध्ये बसायची आणि मशीन खाडीपलीकडे नवी मुंबईत. एका ग्राहकाच्या प्री-प्रॉडक्शन एलपारवर नवीन सिसरेस चढवला होता. जुना झेडरेसए१, नवा झेडरेसबी१, त्यात सगळं ताजं मेंटेनन्स. ज्या रात्री तो बदलला त्या रात्री आमच्यातल्याच एकाने एचएमसीवर (मशीनच्या हार्डवेअर कन्सोलवर) 'लोड' टास्क उघडला, पत्त्याच्या चौकटीत नव्या डिव्हाइसचा नंबर हाताने टाकला, आयपीएल झाला, सगळे खूश. चेंज बंद केला.

सहा महिन्यांनी डेटा सेंटरमध्ये विजेचं काम निघालं. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. पावसाळ्यातला रविवार, मध्य आणि हार्बर दोन्हीकडे मेगाब्लॉक, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच ऑफिसात येऊन बसले होते. पहाटे सव्वातीनला ऑपरेटरने ॲक्टिव्हेट केलं. एलपार उठला, जेस (जॉब चालवणारी सबसिस्टीम) उठला, एकही लाल मेसेज नाही. चार वाजता टीसीपी/आयपीची कनेक्शनं लटकायला लागली. हेच दुखणं आम्ही सहा महिन्यांपूर्वी एका पीटीएफने (आयबीएमच्या दुरुस्तीने) मिटवलं होतं, म्हणून कोणालाच पटेना. दीड तास आम्ही नेटवर्कवाल्यांना फोन करत होतो, फायरवॉल तपासत होतो, ट्रेस घेत होतो. साडेपाचला चहाचा ग्लास हातात घेऊन, दुसरं काही सुचेना म्हणून मी 'डी आयपीएलइन्फो' मारली. शेवटच्या ओळीत व्हॉल्यूम: झेडरेसए१.

झालं होतं असं. ॲक्टिव्हेट करताना मशीन 'लोड' टास्कची चौकट पाहत नाही, इमेज प्रोफाइल पाहतं. त्या प्रोफाइलमध्ये 'ॲक्टिव्हेशनच्या वेळी लोड कर' यावर खूण होती आणि पत्ता होता जुन्या सिसरेसचा. सहा महिन्यांपूर्वी लोड हाताने झाला, प्रोफाइल कोणी बदललंच नाही. आणि सिसरेसचं नाव सिम्बॉलमधून येत असल्यामुळे कॅटलॉग, लिंकलिस्ट, यूएसएसची (युनिक्स बाजूची) रूट सगळं इमानदारीत जुन्या व्हॉल्यूमकडे वळलं. काहीच मोडलं नाही, म्हणून काहीच ओरडलं नाही. सिस्टीम सहा महिने मागे जाऊन शांत उभी होती.

तेव्हा पुढचा आयपीएल तपासायचा तर एचएमसीवर जा, किंवा ज्याला तिथे प्रवेश आहे त्याला शेजारी बसवा. इमेज प्रोफाइल किंवा लोड प्रोफाइल उघडून लोड ॲड्रेस आणि लोडपार्म हे दोन रकाने वाचा, आणि 'डी आयपीएलइन्फो'च्या आयपीएल डिव्हाइस व लोड मेंबरच्या ओळीशी ताडा. तिथे 'डायनॅमिकली बदललेला पत्ता वापर' असाही एक पर्याय असतो. तो चालू असेल तर प्रोफाइलमधला छापील आकडा अंतिम नाही, सिस्टीमच्या बाजूने एचसीडीमधून (हार्डवेअर कॉन्फिगरेशनच्या टूलमधून) दिलेला पत्ता चालतो. तो चालू आहे की बंद, हेही लिहून ठेवा.

मग ऑटोआयपीएल. डायग मेंबरमध्ये अशी सोय आहे की सिस्टीम ठरावीक वेट स्टेटमध्ये गेली तर आपणहून स्टँड-अलोन डंप घे आणि पुन्हा उठ. तिथेही डिव्हाइस नंबर आणि लोडपार्म लिहिलेले असतात, अर्थात कोणीतरी कधीतरी हाताने. 'डी डायग' मारलं की दिसतात. सिसरेस बदलला आणि हे राहिलं तर दिवसाढवळ्या, कोणी हात न लावता, तुमचा एलपार जुन्या व्हॉल्यूमवरून उठेल. नंबराऐवजी 'लास्ट' लिहिता येतं, म्हणजे मागच्या वेळी जिथून उठलास तिथूनच. मी तेच लिहिते.

आणि जीडीपीएस किंवा दुसरं ऑटोमेशन असेल तर त्याच्या स्क्रिप्टमध्ये तिसऱ्यांदा हेच आकडे. एकच पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला, तिन्ही वेगवेगळ्या टीमच्या ताब्यात. सिसरेस बदलायच्या चेंजमध्ये या प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी ओळ आणि वेगळ्या माणसाची सही ठेवल्याशिवाय मी तो चेंज मंजूर करत नाही. टीममध्ये यावरून मला नावं ठेवतात, ठेवू देत.

लिनक्स ऑन झेडवाल्यांनी मात्र हे छान सोडवलंय. तिथे सिस/फर्मवेअरखाली 'आयपीएल' आणि 'रीआयपीएल' अशा दोन वेगळ्या डिरेक्टरी आहेत, एक मागचं सांगते आणि दुसरी पुढचं. 'एलएसरीआयपीएल' मारलं की पुढच्या वेळी कुठून उठणार ते समोर. झेड/व्हीएमवर 'क्यू सीपीलोड' विचारलं की सीपी (झेड/व्हीएमचा गाभा) कुठल्या व्हॉल्यूमवरून लोड झालं ते कळतं, तुमच्यासाठी तेवढं पुरे.

ऑडिटरला काय द्यायचं? नुसता स्क्रीनशॉट देऊ नका, कोणीही एडिट करू शकतो. सिसलॉगचा तुकडा द्या. आयपीएलच्या अगदी सुरुवातीचे एनआयपीचे मेसेज त्यात असतात: आयईए३७१आय सांगतो कुठला आयपीएलपार्म धरला, आयईए२४६आय लोड मेंबर, आयईए५१९आय आयओडीएफ, आयईए३७०आय मास्टर कॅटलॉग. हे सिस्टीमने स्वतः त्या क्षणी लिहिलेलं आहे. सोबत आजचं 'डी आयपीएलइन्फो', 'डी पार्मलिब', 'डी सिम्बॉल्स' यांचं उत्तर, एसएमएफचा (सिस्टीमच्या नोंदवहीचा) टाइप ० रेकॉर्ड (प्रत्येक आयपीएलला लिहिला जातो), आणि पार्मलिब व आयपीएलपार्म डेटासेटवर अपडेटचा अधिकार कोणाकोणाला आहे याची रॅकफमधली यादी. ऑडिटरचा खरा रस बहुतेक वेळा या शेवटच्या यादीत असतो. तिथे तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा आयडी निघाला की बाकीचे कागद कोणी उघडत नाही, म्हणून ती आधी स्वतः वाचा. मशीन झेड१६ असेल आणि व्हॅलिडेटेड बूट (उठताना कोडची डिजिटल सही तपासणं) लावलं असेल तर ते ऑडिट मोडमध्ये आहे की एन्फोर्समध्ये, हेही सांगा. ऑडिटमध्ये असेल तर सही जुळली नाही तरी सिस्टीम उठते.

मार्क झेल्डेन यांचं 'आयपीएलइन्फो' नावाचंच एक फुकट रेक्स टूल आहे. सीव्हीटीपासून सुरुवात करून कंट्रोल ब्लॉक चाळत हे सगळं एका रिपोर्टात गोळा करतं. आणायच्या आधी तुमच्या सिक्युरिटीची परवानगी घ्या, पण आणा. आयपीएलला वेळ कुठे गेला असं मॅनेजरने विचारलं तर आयपीसीएसमध्ये (डंप तपासायच्या टूलमध्ये) 'आयपीएलडेटा स्टेटस' चालवा, प्रत्येक टप्प्याला किती सेकंद लागले ते मिळतं. झेड१५पासून आयपीएलनंतर साठ मिनिटं रिकव्हरी बूस्टही (जादा प्रोसेसर क्षमता) मिळतो, तो चालू आहे का ते 'डी आयपीएलइन्फो,बूस्ट' सांगते.

रविवारसाठी एवढंच करा. शुक्रवारी दुपारी, रात्री नव्हे, वरच्या सगळ्या डिस्प्ले एका फाइलमध्ये काढून ठेवा. त्याच दिवशी एचएमसीवरचे दोन आकडे कागदावर उतरवा. फोन आत नेऊ देत नसतीलच. आयपीएल झाला की जेस उठायची वाट न पाहता कन्सोलवरून पुन्हा 'डी आयपीएलइन्फो' मारा आणि व्हॉल्यूमचं नाव मोठ्याने वाचा, शेजारच्याने ते कागदावरच्याशी ताडायचं. नाव चुकलं असेल तर तेव्हाच खाली उतरवून पुन्हा उठवणं पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. सहाच्या बॅचनंतर ते करायचं तर आधी तीन मॅनेजरांना फोन.